छातीभर पाण्यात आप्पा

सगळा घोटाळा इंग्रजीच्या क्लासच्या बाई मधेच रजेवर गेल्या म्हणून झाला, असं आप्पांचं आजही ठाम मत आहे. बाईंनी आधी 'कॅन' शिकवलं. म्हणजे येतं, जमतं, करू शकतो. 'कान्ट' आणि त्याच्या मागून येणारी सगळी रडकी मंडळी पुढच्या धड्यात होती. तेवढ्यात बाईंच्या बहिणीला बाळ झालं आणि बाई तिकडे गेल्या. त्यामुळे काही काळ आप्पांच्या ताब्यात अशी एक इंग्रजी भाषा होती, जिच्यात न जमणारी गोष्टच नव्हती.

"अहो, पण 'नो' तर येत होतं ना?" असं माई, म्हणजे आप्पांची बायको, विचारते. हा प्रश्न आप्पा ऐकून घेत नाहीत. ते उठतात आणि खिडकीची कडी नीट लागली आहे का ते बघायला जातात.

उठणं हा आप्पांचा स्वभावच होता. सगळी नोकरी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून बाजारात पायी हिंडण्यात गेली. निवृत्तीनंतर पाय घरी आले, पण त्यांना कोणी तसं कळवलं नसावं. चहाचा एक कप ते तीन खोल्यांत मिळून पीत. पहिला घोट स्वयंपाकघरात, दुसरा बाहेर, आणि कप सापडायचा न्हाणीघरातल्या फळीवर. खालच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर सांगायचे की, डोक्यावर आप्पांच्या चपला वाजायच्या थांबल्या तर आपल्याला काळजी वाटते.

इंग्रजीचं खूळ शिरलं ते नातीमुळे. लेक-जावई दूरदेशी. नात सात वर्षांची, तिकडेच वाढलेली, बोलायची ती इंग्रजीत. फोनच्या पडद्यावर ती चिमणीसारखी टिवटिव करायची, आप्पा मान डोलवत "बरं, बरं" म्हणायचे आणि फोन माईकडे द्यायचे. माईला इंग्रजीचा गंध नव्हता, पण ती बिनधास्त मराठीत बोलायची आणि नात खिदळायची. एकदा नातीने आईला काहीतरी विचारलं. लेक हसली.

"काय म्हणतेय?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही आप्पा. विचारतेय की, आजोबांना बोलता येत नाही का?"

लेकीने हे हसत सांगितलं, पण आप्पांना ते लागलं. फार लागलं. ज्या माणसाला बघून अख्ख्या बाजाराची वाचा बसायची, तो सात वर्षांच्या पोरीच्या हिशेबी मुका ठरला होता! दुसऱ्या दिवशी आप्पांनी घड्याळवाल्याच्या दुकानावर चालणाऱ्या 'प्रौढांसाठी बोलकं इंग्रजी' या क्लासात नाव घातलं. बसायला त्यांनी दाराजवळचा बाक धरला. का, ते सांगायला नको.

'कॅन' त्यांना पहिल्याच दिवशी आवडला. छोटा, ठणठणीत, पितळी वजनासारखा. पारड्यात टाकला की काम झालं. बाई रजेवर गेल्या त्याच रविवारी नातीचा फोन आला आणि आप्पांनी माईच्या हातून तो जवळजवळ हिसकावून घेतला.

नात तेव्हा एकामागून एक प्रश्न विचारण्याच्या भरात होती.

"आप्पा, कॅन यू व्हिसल?"

आप्पांनी छाती पुढे काढली. "यस, आय कॅन."

पडद्यावरचे डोळे एवढे मोठे झाले. आजोबा बोलले होते! आणि आजोबांना शिट्टीही वाजवता येत होती!

"कॅन यू राइड अ बायसिकल?"

"यस, आय कॅन."

मग नात फोनच्या अगदी जवळ आली. पडद्यावर नुसतं नाक आणि एक डोळा दिसायला लागला. आवाजही लहान झाला. "कॅन यू स्विम?"

इथे आप्पा थांबू शकले असते. पण तो डोळा असा काही बघत होता, की आप्पांना ती पोरगी एक मोठी आशा हातात घेऊन उभी आहे असं वाटलं, आणि ती हातातून पाडायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"यस," आप्पा म्हणाले. "आय कॅन."

फोन ठेवल्यावर माईने आपलं विणकाम खाली ठेवलं. तिला 'स्विम' कळलं नव्हतं, पण नातीने हातांनी केलेली खूण कळली होती. "तुम्ही पोहता?"

"माणूस मनात आणेल तर काय करू शकत नाही?"

"बादलीतला पहिला तांब्या अंगावर घेताना तुम्ही भिंतीला धरता," माई म्हणाली आणि परत विणायला लागली.

पुढच्याच फोनवर लेकीने दोन बातम्या एका दमात दिल्या. सुट्टीत दोघी येणार होत्या. आणि नातीच्या शाळेत पोहण्याचा तास होता. सगळी मुलं पाण्यात उतरायची, ही एकटीच काठावर पाय पोटाशी घेऊन बसायची. हात धरून नेलं तर किंचाळायची. मुलं हसायची. "पण आता तिनं शाळेतल्या बाईंना सांगून टाकलंय," लेक म्हणाली, "मला माझे आजोबा शिकवणार आहेत. त्यांना येतं. रोज झोपताना तेच. आप्पा, मला कधी बोलला नाहीत हो, तुम्हाला पोहता येतं म्हणून?"

"त्यात काय सांगायचं," असं आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी घरातल्या घरात पाच-पंचवीस फेऱ्या घातल्या. मग ते खाली स्टेशनमास्तरांकडे गेले.

स्टेशनमास्तरांनी आयुष्यभर इतरांच्या गाड्या सोडल्या होत्या. तेव्हा दुसऱ्याला मार्गाला लावणं हा आपला हक्क आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. "सोप्यापासून सुरू करा," ते म्हणाले. "आधी शिट्टी. आत्मविश्वास येतो."

शिट्टीच्या सरावाला आप्पा गच्चीवर गेले. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी असा काही दम मारला, की वरची कवळी सुटून खाली शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन पडली. ती मागायला गेल्यावर तोंडात दात नसल्यामुळे आपण काय मागायला आलो आहोत हे त्यांना नीट सांगता येईना, आणि शेजारीण त्यांना दोनदा साखर देऊ लागली.

सायकल स्टेशनमास्तरांचीच होती. "मी मागून धरतो," ते म्हणाले, आणि धरलंही. मात्र हिरवा झेंडा दाखवायची सवय जुनी; समोरचा रस्ता मोकळा दिसला तसा त्यांनी हात सोडला आणि वर केला. आप्पा सरळ जाऊन इस्त्रीवाल्याच्या टेबलाला भिडले. इस्त्रीवाला सज्जन माणूस. त्याने आप्पांना उठवलं, सदरा काढून घेतला आणि त्याची चुरगळ घालवून परत दिला.

आता पोहणं उरलं.

सार्वजनिक तलावाच्या कचेरीला दोन खिडक्या होत्या. एकीवर पाटी 'पोहता येणारे', दुसरीवर 'पोहता न येणारे'. सोबत स्टेशनमास्तर होते आणि रांगेत ओळखीचे दोघे-तिघे. आप्पांचे पाय आपोआप पहिल्या खिडकीकडे वळले.

"पोहता येतं?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"म्हणजे... येईल."

"येईलची खिडकी नाही."

आप्पा दुसऱ्या खिडकीशी गेले. तिथे कोणी नव्हतं. मग पहिल्या खिडकीतला कारकून चाकांच्या खुर्चीवरून घरंगळत दुसऱ्या खिडकीत आला आणि आप्पांना प्रथमच बघत असल्यासारखा म्हणाला, "बोला."

"मला शिकायचंय."

"न येणाऱ्यांत बारा वर्षांपर्यंतच घेतो."

"आणि मोठी माणसं?"

"मोठ्यांना येतं."

"मला येत नाही," आप्पा म्हणाले. शेजारच्या रांगेतल्या माना वळल्या.

"मग तुम्ही मोठ्यांत बसत नाही," कारकून म्हणाला.

डॉक्टरचा दाखला आणा, मग बघू, असं ठरलं. डॉक्टरने लिहून दिलं की हे गृहस्थ हलका व्यायाम करू शकतात. पोहणं हलकं आहे असं यात कुठे म्हटलंय, असं कारकुनाने विचारलं. आप्पा परत डॉक्टरकडे. पोहणं हलकं आहे की जड, हे पोहणाऱ्यावर अवलंबून आहे, असं डॉक्टर म्हणाला. आप्पा परत खिडकीशी. शेवटी प्रकरण तलावाच्या साहेबांपुढे गेलं. साहेबांनी आप्पांना निरखून बघितलं आणि ओळखलं. एके काळी आप्पांनी या साहेबांच्या सासऱ्यांच्या दुकानावर खोट्या मापाबद्दल खटला भरला होता. आप्पा दाराकडे वळले. पण साहेबांचं सासऱ्यांशी अजिबात पटत नव्हतं. त्यांनी उठून आप्पांचा हात हातात घेतला आणि परवानगी तिथल्या तिथे देऊन टाकली.

तर अशा रीतीने, सरकारी इतमामात, आप्पा लहान मुलांच्या तुकडीत दाखल झाले. नियमाप्रमाणे परीक्षा पास झालेल्यांना निळी टोपी आणि शिकाऊंना लाल. आप्पांच्या डोक्याच्या मापाची लाल टोपी तलावाकडे नव्हती. त्यांना जी मिळाली ती टाळूवर कशीबशी बसायची आणि मधेच टपकन उडायची. पोरं ती आनंदाने बुड्या मारून आणून द्यायची. ती आप्पांना मदतही करायची, आणि ही गोष्ट आप्पांना सगळ्यांत जास्त झोंबायची.

शिकवणारा कोच धिप्पाड आणि धीराचा होता. "आप्पा, पाठीवर पडा. नुसतं पडायचं. बाकी काही करायचं नाही."

नुसतं पडणं! आप्पांनी जन्मात न केलेली गोष्ट ती हीच. ते पडत, आणि पडल्या पडल्या उजवा हात काहीतरी तपासायला निघे, मग डावा पाय कुठेतरी जायला बघे, मान किती वाजले ते पाहायला वळे, की आप्पा तळाशी.

"पाणी तुम्हाला धरायला तयार आहे हो," कोच त्यांना वर काढत म्हणायचा, "तुम्ही स्वस्थ राहत नाही. बरं, पडू नका. निदान एका जागी उभे राहा. उभे तरी राहाल की नाही?"

तेही होत नव्हतं. छातीभर पाण्यात आप्पा येरझारा घालायचे आणि लाटा उठून शेजारच्या पोरांच्या नाकात जायच्या. दिवस भराभर संपत होते. बऱ्याच झटापटीनंतर आप्पा एवढंच शिकले, की काठ सोडायचा, डोळे मिटायचे, तीन वेळा हात मारायचे आणि परत काठ सापडतो का ते बघायचं. कधी सापडायचा.

अशातच बाई रजेवरून परतल्या आणि रडका धडा सुरू झाला. पण काय आश्चर्य! आप्पांना तो पहिल्यापेक्षाही आवडला. बाईंनी फळ्यावर शब्द मांडले : हार्डली, बेअर्ली, ओन्ली जस्ट, ऑलमोस्ट. आप्पा बाकावर पुढे सरकले. ही तर लहान वजनं होती! आपण किलोचा एकच ठोकळा घेऊन बाजारात उतरलो आणि ग्रॅमांची पेटी घरीच राहिली, असं त्यांना झालं.

"बाई, 'हार्डली' आणि 'बेअर्ली' यांच्यात फरक किती ग्रॅमचा?"

बाईंना अशा प्रश्नांची सवय नव्हती, पण बाई हुशार होत्या. "असं बघा आप्पा. 'बेअर्ली' म्हणजे जमलं, पण बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. 'हार्डली' म्हणजे जमलं असं म्हणायचीसुद्धा लाज वाटावी."

"आणि 'ऑलमोस्ट'?"

"म्हणजे नाहीच जमलं."

"बरोबर," आप्पा पुटपुटले. "'किलोच आहे साहेब, जवळजवळ,' असं म्हणणाऱ्याला दंड केलाय मी." आणि मग त्यांचा चेहरा उतरला. कारण आपण एका लहान गिऱ्हाइकाला काय तोलून दिलं आहे, ते त्यांच्या नीट ध्यानात आलं. हे काही दमदाटी करता येण्यासारखं गिऱ्हाईक नव्हतं. ते रोज झोपताना आप्पांचं नाव घेत होतं.

'आय कॅन हार्डली स्विम.' हे वाक्य आप्पांनी घरात फिरून फिरून पाठ केलं. प्रत्येक फोनच्या वेळी ते तयार असायचं, आणि प्रत्येक वेळी नात पडद्यावर येऊन म्हणायची, "आप्पा, आय बॉट अ स्विमसूट!" किंवा असंच काही. वाक्य घशातून परत खाली जायचं. माई बघत असायची.

दोघी आल्या. विमानतळावर नातीने आप्पांच्या कमरेला मिठी मारली. दुसऱ्याच दिवशी सगळी वरात तलावावर निघाली. निघताना स्टेशनमास्तरांनी आप्पांना जिन्यात गाठलं आणि त्यांच्या हातात गुपचूप एक निळी टोपी कोंबली. "पुतण्याची आहे. अहो, पोरगी टोपीच बघणार. काठाशी दोन हात मारा, शिट्टी झाली म्हणा आणि बाहेर या. सगळी गाडी कुठे शेवटपर्यंत जाते?"

आप्पांनी ती घेतली. हे लपवण्यात अर्थ नाही. घेतली, आणि तलावावर कपडे बदलण्याच्या खोलीत डोक्यावर चढवलीही. ती मापात बसली.

माई आणि लेक काठावरच्या बाकावर बसल्या. नात पाण्यापासून चांगली दूर, भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या डोक्यावर लाल टोपी. तिने आप्पांची निळी टोपी पाहिली, मग हळूच पुढे येऊन त्यांचं बोट धरलं. तिने ते घट्ट आवळलं होतं. ती पकड आप्पांच्या ओळखीची होती. रोज तलावाचा काठ ते तसाच धरत.

"शो मी, आप्पा," ती म्हणाली.

कोच बघत होता. टोपीकडे बघून त्याने तोंड फिरवलं. पोरांची तुकडी बघत होती. बाकावर लेकीने फोटो काढायला फोन वर धरला होता.

आप्पांनी टोपी काढली. ते खाली बसले, नातीच्या डोळ्यांना डोळे येतील इतके.

"आय कॅन हार्डली स्विम," ते म्हणाले.

तिला पटकन कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. "बट यू सेड यू कॅन."

पुढचं इंग्रजी आप्पांकडे नव्हतं. "खोटं माप दिलं गं मी तुला," ते मराठीतच म्हणाले. "चुकलं माझं." बाकावरून लेक उठायला लागली, तेव्हा माईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

नातीची हनुवटी हलायला लागली. शाळेतल्या बाईंना काय सांगायचं, हसणाऱ्या पोरांना काय सांगायचं, हे सगळं त्या चेहऱ्यावरून जाताना आप्पांना दिसत होतं, आणि आयुष्यात इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं. ती रडणार. रडून आईकडे पळणार, आणि परत कधी काही विचारणार नाही.

ती पळाली नाही. ती पाण्याकडे बघत राहिली, मग कोचकडे, मग आप्पांकडे. मग लहान आवाजात, फोनवर नाक लावून विचारलं होतं त्याच आवाजात, तिने विचारलं, "कॅन यू स्टँड?"

"काय?"

"देअर." तिने छातीभर पाण्याकडे बोट दाखवलं. "कॅन यू जस्ट स्टँड देअर? अँड नॉट मूव्ह?"

लेकीने अर्थ सांगितला तसा बाकावर माईने कपाळाला हात लावला. कारण इतर कशाचंही एक वेळ जमवता आलं असतं, पण हे? कोचही खोकला.

आप्पांनी मात्र उत्तर लगेच दिलं नाही. आयुष्यात प्रथमच त्यांनी तो शब्द आधी नीट तोलून बघितला, मग दिला.

"यस," ते म्हणाले. "आय कॅन."

ते पिशवीतली आपली लाल टोपी घालून पाण्यात उतरले, छातीभर पाण्यापर्यंत गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. पायरीवरून त्यांच्यापर्यंतचं अंतर फार नव्हतं. नातीला ते ओलांडायला बराच वेळ लागला. कोच तिला हाताखालून धरून होता, काय करायचं ते सांगत होता, आणि ती मधेच परत पायरीकडे जात होती. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी ती ओरडून विचारायची, "आप्पा, कॅन यू?" आणि प्रत्येक वेळी आप्पा सांगायचे. डाव्या पायात गोळा आला. नाकाला खाज सुटली. टोपी उडून पाण्यात पडली, एका पोराने ती आणून परत डोक्यावर बसवली, आणि आप्पांनी मानसुद्धा वळवली नाही.

शेवटी एकदाची पोरगी आली. कोचचे हात सुटलेले होते. डोळे घट्ट मिटून, पाणी पीत, हातपाय कसेही मारत ती आली आणि आप्पांच्या गळ्यात पडली. "बेअर्ली," आप्पांच्या मनात आलं. बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता खरा.

ती खोकली, ओल्या तोंडाने हसली आणि लगेच परत पायरीकडे निघाली.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. लाल टोप्या भराभर बाहेर पडल्या. कोचने एकदा आप्पांकडे, एकदा पायरीवर दम खात उभ्या असलेल्या त्या पोरीकडे बघितलं आणि दुसरी शिट्टी वाजवलीच नाही. बाकावर माईने लेकीच्या हातून फोन काढून घेतला.

"थांब, मला काढू दे," ती म्हणाली. "हलायचे नाहीत ते."